सांबऱ्यातनं उडून किनाऱ्यानं मंगळूर-कोची: छोट्या विमानाचा लांबचा प्रवास कसा आखायचा

बेळगावच्या उद्यमबागेत आमचं छोटं वर्कशॉप आहे, आणि तिघा दोस्तांच्या भागीत एक सेसना १७२ एस हे चार सीटचं, एका इंजिनचं विमान आहे. पीपीएल (खाजगी पायलटचं लायसन्स) होऊन काही वर्षं झाली तरी आम्ही सांबऱ्याच्या, म्हणजे बेळगाव विमानतळाच्या, आजूबाजूलाच गोल गोल फिरत होतो. हिडकल डॅम, गोकाक, फार तर हुबळी. मग एकदा डोक्यात भरलं की समुद्राच्या कडेकडेनं खाली कोचीपर्यंत जायचं. आई म्हणाली, "कशाला जायलास रे तिकडं, गोव्याला गाडीनं दोन-अडीच तासात जातात की." तिला काय सांगणार.

पहिल्या खेपेला आम्ही इतक्या चुका केल्या की त्यातनं एक वही भरली. नवीन पीपीएल झालेली बेळगाव-निपाणी-चिकोडीकडची पोरं आता विचारायला लागलीत म्हणून तीच वही इथं नीट करून लिहायलोय. आकडे १७२ एसचे आहेत, तुमचं विमान वेगळं असेल तर तुमच्या पीओएचमधले (विमानाच्या हँडबुकातले) घ्या.

१. आधी परतीचा दिवस आखा, जायचा नंतर

हे उलटं वाटतं पण आपल्यासाठी हेच खरं. मंगळूर किंवा कोचीचा पायलट जवळजवळ समुद्रसपाटीवरनं उडतो आणि तिथंच उतरतो. आपण घाटावर राहतो. सांबऱ्याची धावपट्टी जवळजवळ २५०० फुटांवर आहे आणि ती आणि समुद्र यांच्या मधे सह्याद्री आडवा पडलाय. जाताना सगळं उतारावर असतं, विमान हलकं होत जातं, सकाळची हवा शांत असते, मजा येते. येताना मात्र वारा समोरनं, ढग घाटावर बसलेले, पेट्रोल कमी, आणि तुम्ही दमलेले. सगळी गंमत जायच्या दिवसाची आणि सगळा धोका यायच्या दिवसाचा, म्हणून कागदावर पहिली रेघ कोची ते सांबरा अशी मारायची.

२. कागदं एका फाइलमधे

हे पटकन सांगतो कारण यात अवघड काही नाही, फक्त एखादा कागद घरी राहतो.

- पीपीएल, क्लास २ मेडिकल (तारीख बघा, परतीच्या दिवशीपण चालू पाहिजे), एफआरटीओएल (रेडिओवर बोलायचा परवाना)
- विमानाचं सीओआर (नोंदणी), सीओएफए (उडण्यायोग्य असल्याचं सर्टिफिकेट), एआरसी (त्याची तपासणी झाल्याचं सर्टिफिकेट)
- इन्शुरन्स
- रेडिओचं लायसन्स, म्हणजे एरो मोबाइल लायसन्स
- जर्नी लॉगबुक, वेट शेड्यूल, फ्लाइट मॅन्युअल
- सगळ्यांची ओळखपत्रं, मागे बसणाऱ्यांचीपण

झेरॉक्सचा एक सेट वेगळ्या बॅगेत. एका विमानतळावर गेटवरच्या माणसानं आमच्या भागीदाराला चाळीस मिनिटं उभं केलं होतं कारण ह्याचं ओळखपत्र विमानात आणि हा बाहेर चहाला. आणि आदल्या रात्री पार्टी नाही, उड्डाणाआधी बारा तास दारू नाही हा नियम आहे, त्याला "एकच बियर" असला पोटनियम नाही.

३. पेट्रोल मिळणार का हे सगळ्यात आधी विचारा

नवीन माणूस इथंच फसतो. मोठ्या विमानतळावर इंधन असणारच असं आपल्याला वाटतं. असतं, पण ते एटीएफ, जेट विमानांचं इंधन. आपल्या सेसनाला लागतं एव्हगॅस १००एलएल, म्हणजे पिस्टन इंजिनच्या विमानांचं पेट्रोल, आणि ते फार मोजक्या ठिकाणी मिळतं. आपल्याकडं ते २०२२ पर्यंत बाहेरनंच यायचं, त्या वर्षी सप्टेंबरमधे इंडियन ऑइलनं वडोदऱ्याच्या रिफायनरीत तयार केलेलं एव्हगॅस बाजारात आणलं. तरी प्रत्येक विमानतळावर बाउजर (इंधनाचा टँकर) उभा असेल असं समजू नका. डिझेल इंजिनवाली डायमंड डीए४० एनजी असेल तर ती एटीएफवर चालते, मग तुम्ही सुखी, हा भाग सोडून पुढं जा.

आमचं काय झालं तर एका ठिकाणी फोनवर "है सर, आ जाओ" असं ऐकून गेलो, आणि गेल्यावर कळलं की होतं ते मागच्या आठवड्यात संपलं. दोन दिवस लॉजवर बसलो. तेव्हापासून फोनवर विश्वास नाही, लेखी मेल, किती लिटर, कुठल्या तारखेला, पैसे आगाऊ की जाग्यावर, हे सगळं लिहून घ्यायचं.

आता हिशोब. १७२ एसमधे वापरता येणारं पेट्रोल साधारण २०० लिटर, क्रूझला तासाला ३५ लिटर धरा. सांबरा ते मंगळूर आमच्या रस्त्यानं १८५ नॉटिकल मैल. १०० नॉट ग्राउंडस्पीड धरला तर एक तास पन्नास मिनिटं, म्हणजे ६५ लिटर, वर टॅक्सी आणि क्लाइंबचे ८. मंगळूरला टेकलात तेव्हा टाकीत १२७ उरले. आता समजा परत येताना घाट बंद मिळाला आणि घाटाच्या तोंडातनं मंगळूरला परत फिरावं लागलं, तर जाणं-येणं २३० मैल, समोरचा वारा आणि चढ धरून ८५ लिटर. उरले ४२, म्हणजे तासाभराहून जरा जास्त. नियम दिवसाच्या व्हीएफआरला (बाहेर डोळ्यांनी बघत उडण्याला) अर्धा तास राखीव मागतो, मी एक तास धरतो, कारण नियम लिहिणारा माझ्या शेजारी बसलेला नसतो.

मतलब मंगळूर जाऊन-येऊन हे वाटेत पेट्रोल न भरता होतं, आणि घाटातनं एकदा परत फिरलात तरी मंगळूरला नीट पोचता, पण तिथनं घरी यायला मग पेट्रोल भरावंच लागतं. कोची मात्र होत नाही, एकूण ७५० मैल होतात, त्यामुळं कोची करायचं तर एव्हगॅसची लेखी हमी नसेल तोवर बेतच करू नका. पहिल्या खेपेला मंगळूरच करा असं माझं मत आहे.

वजनपण बघा. भरलेल्या टाकीचंच १४४ किलो होतं. त्यावर चार खातीपिती माणसं बसणार नाहीत, दोन माणसं आणि बॅगा असाच हिशोब ठेवा. आणि एप्रिलमधे दुपारी निघायचं खूळ नको: सांबऱ्यात ३६ डिग्री असताना डेन्सिटी अल्टिट्यूड (गरम, विरळ हवेमुळं विमानाला जाणवणारी उंची) ५६०० फुटांच्या आसपास जाते, म्हणजे विमानाच्या लेखी तुम्ही महाबळेश्वरच्या डोक्यावरनं टेकऑफ करायलाय.

४. रस्ता: सरळ रेघ मारू नका

नकाशावर बेळगाव ते गोकर्ण पट्टी ठेवली की रेघ छान सरळ येते. ती रेघ कैगाच्या अणुवीज प्रकल्पाला जवळजवळ घासून जाते. बेळगाव ते कुमटा ठेवली तर अजूनच जवळनं. "मग नदी धरून जाऊ, काळी नदी सुप्यापासनं कारवारपर्यंत दिसतेच की" असं आमचा एक भागीदार म्हणाला. काळी नदी कैगाच्या दारातनंच जाते. कारवारच्या जरा खाली आयएनएस कदंबा, नौदलाचा मोठा तळ. वर गोव्याला दाभोळी, तीपण नौदलाची, आयएनएस हंसा, तिथं एटीसी नौदलच बघतं. म्हणजे आपल्यासमोरचा किनारा दिसायला मोकळा पण तसा मोकळा नाही.

एआयपी इंडिया (हवाई वाहतुकीची सरकारी माहितीपुस्तिका) नेटवर फुकट बघता येतं, त्यात ईएनआर ५.१ हा भाग उघडा, प्रोहिबिटेड, रिस्ट्रिक्टेड आणि डेंजर एरिया सगळे को-ऑर्डिनेट्ससकट आहेत. पेन्सिलीनं नकाशावर गोल काढा. स्क्रीनवर बघून लक्षात राहत नाही, हातानं काढलं की राहतं.

आम्ही घेतलेला रस्ता असा: सांबऱ्यातनं सरळ दक्षिणेला दांडेली, तिथनं यल्लापूर, यल्लापूरहून कुमट्याला घाट उतरून समुद्र. सात-आठ मैल जास्त पडतात, पण कैगा दहा मैलांहून जास्त लांब राहतो आणि अंकोला-यल्लापूरचा हायवे अरबैल घाटातनं जाताना दिसत राहतो.

समुद्राला लागल्यावर खुणांची चंगळ आहे. अघनाशिनीचं तोंड, होन्नावरला शरावतीवरचा कोकण रेल्वेचा दोन किलोमीटर लांब पूल, मुरुडेश्वरचा बसलेला शंकर आणि शेजारचं उंच गोपूर, मग भटकळ, मग मरवंते जिथं हायवेच्या एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला सौपर्णिका नदी आहे. वरनं तो रस्ता दोन पाण्यांच्या मधे ठेवलेल्या सुतळीसारखा दिसतो, पहिल्यांदा बघितलो तेव्हा पाच सेकंद उंची बघायची विसरलो आणि दोनशे फूट खाली आलो. पुढं माल्पे, सेंट मेरी बेटं, कापूचं दीपगृह, पणंबूरचं बंदर, आणि बंदर दिसलं की डावीकडं टेकड्यांवर बजपे, म्हणजे मंगळूरचा विमानतळ. मुरुडेश्वरसमोरच्या नेत्राणी बेटाच्या जवळ जायचा मोह होईल, पण ते बेट नौदल नेमबाजीच्या सरावाला वापरत आलंय, नोटॅम (पायलटसाठीच्या ताज्या सूचना) न बघता तिकडं वळू नका.

उंची: खाली जाताना मॅग्नेटिक ट्रॅक १५८ च्या आसपास म्हणून विषम हजार अधिक पाचशे, म्हणजे ३५०० किंवा ५५००. येताना ३४० च्या आसपास, तेव्हा ४५०० किंवा ६५००. मी जाताना ५५०० घेतो. का ते सातव्या मुद्द्यात.

५. हवामान: फक्त मुक्कामाचं नाही, घाटाचं बघा

जून ते सप्टेंबर विसरा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपला सीझन.

पण सीझनमधेपण एक गोची आहे. डिसेंबर-जानेवारीत सकाळी सांबऱ्यावर धुकं नाहीतर खालचे ढग असतात, नऊ-साडेनऊला फाटतात. दुपारी बारा-एकनंतर समुद्रावरचा वारा दमट हवा घाटावर ढकलतो आणि कड्यावर ढग उभे राहायला लागतात. म्हणजे परतताना घाट ओलांडायची खिडकी साधारण साडेनऊ ते बारा. मंगळूरहून सकाळी आठ-साडेआठला निघालात की ती बरोबर सापडते. जेवण करून आरामात निघू म्हणालात की गेली.

मेटार (हवामानाचा रिपोर्ट) प्रत्येक अर्ध्या तासाला येतो, पण तो विमानतळाचा. मंगळूर स्वच्छ, सांबरा स्वच्छ, मधला यल्लापूर ढगात, असं होतं आणि कुठल्याच मेटारमधे ते दिसत नाही. सॅटेलाइट चित्र बघा, आणि चक्क फोन करा. यल्लापुरात आमच्या ओळखीचा एक हॉटेलवाला आहे, त्याला विचारतो, "अण्णा, समोरचा डोंगर दिसायलाय का?" तो कन्नडमधे सांगतो, दिसतोय, किंवा अर्धाच दिसतोय. अर्धा दिसतोय म्हणाला की आम्ही अजून एक इडली मागवतो.

व्हीएफआरला ५ किलोमीटर दिसणं लागतं, ढगांपासून आडवं १५०० मीटर आणि उभं १००० फूट लांब. समुद्रावर हेझ (धुरकट हवा) असेल तर कागदावर पाच किलोमीटर असतं पण पाणी आणि आभाळ एकाच राखाडी रंगाचं होतं, क्षितिज जातं. अशा वेळी उजवीकडं समुद्राकडं बघत बसू नका, डोकं फसतं, विमान सरळ असताना वाकडं वाटतं. डावीकडं किनारा आणि समोर एटिट्यूड इंडिकेटर, एवढंच बघायचं.

६. प्लॅन, एफआयसी, एडीसी आणि युटीसीचा घोळ

प्रत्येक लेगला वेगळा फ्लाइट प्लॅन. निघायच्या निदान तासभर आधी पाहिजे, मी आदल्या संध्याकाळी भरतो. नंतर एफआयसी (फ्लाइट इन्फर्मेशन सेंटर) नंबर आणि एडीसी नंबर घ्यायचा. एडीसी म्हणजे एअर डिफेन्स क्लिअरन्स, हवाई दलाकडनं. हे दोन नंबर गुडघ्यावरच्या पॅडवर मोठ्या अक्षरात लिहा, स्टार्टअप मागितला की टॉवर पहिलं तेच विचारतो. सांबऱ्याहून निघताना मुंबई एफआयसी, पण मंगळूर आणि कोची चेन्नई एफआयआरमधे (चेन्नईच्या हवाई हद्दीत), तिथनं परत येताना चेन्नईला फोन. उशीर झाला तर आधी कळवा, जुना नंबर घेऊन बसू नका.

बेळगाव म्हणा नाहीतर बेळगावी म्हणा, तो वाद प्लॅनमधे येत नाही, तिथं चार अक्षरी कोड लागतो: व्हीओबीएम. जुन्या पुस्तकात आणि काही जुन्या ॲपमधे व्हीएबीएम सापडेल, ते टाकू नका.

आता आमची सगळ्यात मूर्ख चूक. प्लॅनमधल्या वेळा युटीसीत असतात. आपल्या वेळेतनं साडेपाच तास वजा. सकाळी ७ म्हणजे ०१३०. मी आयुष्यात इतक्या वेळा हे शिकलोय, आणि तरी भर उत्साहात ०७०० लिहिलो. सकाळी सातला आम्ही हेडसेट लावून तयार, आणि कागदोपत्री आमचं विमान दुपारी साडेबाराला निघणार होतं. सगळं बदलून नवा नंबर मिळेपर्यंत सूर्य डोक्यावर आला, मागे बसलेला दोस्त आईनं दिलेले मांडे खाऊन झोपला. आता माझ्या मनगटावर दोन घड्याळं असतात, लोक हसतात, हसूदेत.

अजून एक: आपल्याकडं व्हीएफआर दिवसाच. सूर्यास्तानंतर २० मिनिटांत चाकं जमिनीवर पाहिजेत. आणि विमानतळांचे वॉच अवर्स बघा, तुम्ही वेळेत पोचाल पण टॉवर बंद असेल तर काय उपयोग.

७. पाण्यावरनं जाताना

एका इंजिनचं विमान. इंजिन बंद पडलं तर १७२ दर हजार फुटाला साधारण दीड नॉटिकल मैल तरंगत जाते. ५५०० फुटांवरनं आठ मैल, १५०० वरनं दोन. बस, सगळं ह्या एका वाक्यात आहे. खालनं उडत लोकांना हात दाखवायची हौस असते, पण उंची म्हणजे बँकेतले पैसे. किनाऱ्यापासून दोन मैलाच्या आत राहायचं, नुसत्या वाळूवरनंपण नको कारण तिथं घारी असतात.

लाइफ जॅकेट प्रत्येकाला, आणि ते घालून बसायचं, मागच्या सीटखाली ठेवलेलं जॅकेट नसल्यासारखंच. जॅकेट विमानाच्या आत फुगवायचं नाही, हे मागे बसणाऱ्याला दोनदा सांगा आणि त्याच्याकडनं वदवून घ्या. आत फुगवलं आणि पाणी भरलं तर माणूस छताला चिकटतो, दारातनं खाली बुडी मारता येत नाही. ईएलटीची (अपघात झाला तर सिग्नल देणाऱ्या यंत्राची) बॅटरी तपासा. १२१.५ ही इमर्जन्सी फ्रिक्वेन्सी दुसऱ्या रेडिओवर लावून ठेवा. प्लॅनच्या १९ नंबरच्या रकान्यात जॅकेट आहेत हे भरा, शोधणाऱ्याला तेच वाचायचं असतं. घरी एका माणसाला लिहून द्या: इतक्या वाजेपर्यंत मेसेज आला नाही तर अमुक नंबरला फोन. तटरक्षक दलाचा समुद्रातल्या मदतीचा नंबर १५५४ पण त्या कागदावर असूदे.

८. मंगळूरला उतरताना

बजपे टेबलटॉप आहे. दोन्हीकडं दरी. २२ मे २०१० ला तिथं एअर इंडिया एक्सप्रेसचं विमान धावपट्टी ओलांडून गेलं आणि १५८ माणसं गेली. आपल्याला धावपट्टी कमी पडायचा प्रश्न नाही, २४५० मीटर आहे. आपला प्रश्न वेगळा: कड्याच्या तोंडाशी हवा कधी वर ढकलते कधी खाली ओढते, आणि खाली दरी असल्यामुळं आपण जास्त उंच आहोत असं डोळ्याला वाटतं, माणूस पॉवर कमी करतो, आणि तेवढ्यात सिंक लागतो. पापी (धावपट्टीशेजारचे, उतरायचा कोन बरोबर आहे का दाखवणारे दिवे) बघा, डोळ्यांवर जाऊ नका. सेसनासाठी अगदी उंबऱ्यावर टेकायची गरज नाही, पुढं भरपूर जागा आहे.

रेडिओवर इंग्रजी, खाली उतरल्यावर तुळू आणि कन्नड. आमचं बेळगावी कन्नड ऐकून तिथला चॉक लावणारा पोरगा असा हसला की विचारू नका, पण काम पटकन केला.

९. रात्रीचा मुक्काम

स्वतःचे दोर, चॉक आणि पिटो कव्हर घेऊन जा. किनाऱ्यावर विमान खारं होतं, पंखाच्या पुढच्या कडेवर बोट फिरवून जिभेला लावा, कळेल. घरी आलात की गोड्या पाण्यानं धुवायचं, पुढच्या रविवारी नाही, त्याच दिवशी.

सकाळी टाकीतनं सॅम्पल काढायला विसरू नका, अर्धी टाकी आणि दमट रात्र म्हणजे पाणी. एकदा माल निळाशार दिसला, मी फेकणार होतो, दोस्तानं ट्युब उन्हात धरली तर तळाशी ज्वारीच्या दाण्याएवढा गोल थेंब इकडनं तिकडं फिरत होता. सहा वेळा काढलो तेव्हा थेंब यायचा थांबला.

१०. परत घाट चढणं

कुमट्याला वळून मग चढायला लागू असं करू नका. समोर डोंगर वाढत जातो, तुम्ही नाक वर करत जाता, स्पीड मरतो. समुद्रावर असतानाच, होन्नावरच्या आसपास, ४५०० वरनं ६५०० करा आणि मग वळा. इथले डोंगर अडीच-तीन हजारापर्यंत आहेत, वर दोन हजाराची मोकळीक पाहिजेच. हिवाळ्यात सकाळी वारा पूर्वेकडनं असतो, तेव्हा कोकणाच्या अंगाला हवा खाली पडते, आणि तुम्ही नेमके त्याच अंगानं येत असता. कड्याला सरळ भिडू नका, तिरपे जा, म्हणजे नाही जमलं तर अर्ध्या वळणात बाहेर पडता येतं.

आम्हाला एकदा नाही जमलं. साडेअकरा वाजले होते, अरबैलच्या वर ढग आणि डोंगर यांच्या मधे एक फट दिसत होती, त्यातनं पलीकडं ऊन पडलेलं यल्लापूरचं पठारपण दिसत होतं. भागीदार म्हणाला, "जाईल की रे." मला पण वाटलं जाईल. फटीकडं तीन मैल गेलो आणि ती आमच्यासमोरच अर्धी झाली. तिथनं डावीकडं वळून परत समुद्र, चेन्नईला रेडिओवर सांगितलं परत मंगळूरला जातोय, आणि ते तिसऱ्या मुद्द्यातले ८५ लिटर कामाला आले. टेकलो तेव्हा डिपस्टिकवर ४० च्या जरा वर होतं.

असं परत फिरलात तर क्रम असा ठेवा: उतरल्यावर आधी घरी फोन, कारण ठरलेली वेळ उलटली की तिकडं तुमच्या कागदावरचे नंबर फिरवायला सुरुवात होते. मग नवा प्लॅन, नवा एफआयसी आणि एडीसी, जुना चालत नाही. मग लॉज. त्याच दिवशी दुपारी परत ट्राय करायचं नाही, दुपारी ढग वाढतातच. दुसऱ्या दिवशी पेट्रोल भरून साडेआठला निघालो, यल्लापूरच्या अण्णाला फोन केला होता, डोंगर पूर्ण दिसत होता.